इंगाल

कार्ड कन्नडमध्ये आलं. येणारच.
रैत संपर्क केंद्रात महादेवी हुक्केरी
चष्मा कपाळावर सारून
बोटाखालची एकेक ओळ मराठीत देत गेली:
स्फुरद मध्यम, पालाश बरं,
सामू आठला टेकलेला.
मग बोट थांबलं. "सावयव इंगाल," म्हणाली,
"शून्य पॉइंट अठ्ठावन. पाच वर्षांखाली
एकतीस होतं तुमचं."

मला ऐकू आलं, इंगळ.
"इंगळ नव्हं ओ, इंगाल. कर्ब."
पण मी तोवर चुलीपुढं पोचलो होतो,
उद्याच्या जाळासाठी राखेखाली झाकलेला
तो एक लालसर तुकडा
चिमट्यानं चाचपत.

गळतग्याच्या माळावरचा हा दीड एकर.
तीस वर्षं इथं नुसता तंबाखू.
खुडणीच्या दिवसांत हाताला चढणारा चीक
भाकरीसुद्धा कडू करायचा.
ढेकूळ उचललं तर विटेसारखं,
वास भिंतीला असतो तेवढाच.
पावसाचं पाणी वरच्या वर निसटून
पायगोंडांच्या उसात जायचं.
त्यांनी कधी नको म्हटलं नाही.

पेरू लावले, एकशे साठ.
पहिली दोन वर्षं पानं पिवळी.
निपाणीच्या व्यापाऱ्यानं फळ फिरवून
डागाची बाजू वर केली
आणि त्याच बाजूकडं बघत भाव बोलला.
त्रिशला म्हणाली, एक पोतं युरिया टाकू,
कुणाला कळतंय?
मी आणलं पोतं. खरं सांगतो, आणलं होतं.
गोठ्यात ओल धरून त्याचा दगड झाला;
आता त्यावर वासराची बादली असते.

केलं काय, असं लोक विचारतात.
छाटलेल्या फांद्या जाळल्या नाहीत.
ताग वाढवला, फुलायच्या आत आडवा केला.
पायगोंडांचं पाचट आणून अंथरलं.
शेण, गूळ, ताक. आणि वाट बघितली.
नांगर आत नेला नाही.
पूर्वेच्या बांधालगतची ओळ अजून उजाडच,
पलीकडचं तणनाशक वाऱ्यासोबत येतं.
तिथला नमुना मी घेतलाच नाही,
हे महादेवीला सांगितलं नाही.

आईचं राहिलं सांगायचं.
दिवेलागणीनंतर न जेवणारी,
कांद्याला हात न लावणारी माझी आई
बस्तीतून येताना तंबाखूच्या रानातून
आडवी यायची, अनवाणी, बिनघोर,
चातुर्मासातसुद्धा, भर चिखलात.
मला त्याचं कधी नवल वाटलं नाही.
तिथं मरायला काही उरलंच नव्हतं,
हे तिला ठाऊक होतं.

यंदा दशलक्षणाच्या आधी, झिमझिम थांबल्यावर
तिला बागेकडं नेलं.
एका झाडाखालचं पाचट बाजूला केलं:
गांडुळांनी रचलेले रव्याचे ढीग,
मुळांभोवती पांढऱ्या बुरशीची वीण,
एक गोम घाईत,
शेंगदाण्याएवढा कुणीतरी पाय आवळून पडलेला.
आणि वास.
त्याला कार्डात रकाना नाही.

आई बांधाच्या दगडावर उभी.
एक पाय उचलला, हवेतच धरला,
इकडं बघितलं, तिकडं बघितलं,
आणि निखाऱ्यावरून घ्यावा तसा
मागं घेतला.

"फळ तिथनंच दे," म्हणाली.
"हितं पाय ठेवायला जागा न्हाई रं, भरमू."

मी आत उभा होतो, हातात पेरू,
आणि माझे दोन्ही पाय
मला एकाएकी फार मोठे वाटले.